सव्वाशे येनची बशी : जपानच्या फिरत्या सुशीत पहिल्यांदा जाताना

जपानमध्ये नवीन आलेलं कुणी "सुशी खाऊन बघायची आहे, कुठे जाऊ?" असं विचारतं, तेव्हा मी काइतेन-झुशीचंच नाव घेते. काइतेन-झुशी म्हणजे फिरत्या पट्ट्यावरची सुशी. मास्टर समोर उभा राहून एकेक घास वळून देतो, त्या पारंपरिक दुकानात नवख्याची पंचाईत होते. भाषा येत नसते, कित्येक माशांपुढे भाव लिहिलेला नसतो, आणि पुढ्यात आलेला घास रुचला नाही तरी मास्टरच्या देखत गिळावा लागतो. काइतेन-झुशीत किंमत आधी कळते, ऑर्डर स्क्रीनवर द्यायची असते आणि एखादा मासा नाहीच आवडला तर बुडाले किती, तर सव्वाशे-दीडशे येन. आपले सत्तर-नव्वद रुपये. कच्चा मासा आपल्याला झेपतो की नाही, हे इतक्या कमी पैशांत दुसरीकडे कुठे कळायचं नाही.

म्हणून या लेखातला सगळा सल्ला एका गोष्टीभोवती आहे : थोडं थोडं मागवा, आणि बिनधास्त चुका करा.

हा प्रकार तसा जुना आहे. योशिआकी शिराइशी नावाच्या सुशीवाल्याने १९५८ साली ओसाकाजवळच्या फुसे इथे, आजच्या हिगाशी-ओसाकात, पहिलं दुकान काढलं. गिऱ्हाईक भरपूर आणि वाढायला माणसं कमी, ही त्याची अडचण. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून त्याला युक्ती सुचली. पट्टा फार हळू फिरला तर लोक कंटाळतात, फार वेगात फिरला तर बशी उचलता येत नाही, म्हणून सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर हा वेग ठरला. १९७० च्या ओसाका एक्स्पोमध्ये लाखो लोकांनी हा पट्टा पाहिला आणि मग तो देशभर पसरला.

कुठे जायचं

मोठ्या साखळ्या चार : सुशिरो, कुरा झुशी, हामा झुशी आणि कप्पा झुशी. टोकियोत शिबुयाला उतरला असाल तर उओबेइही बघा. तिथे ऑर्डर केलेल्या बश्या सरळ रुळावरून धावत तुमच्या पुढ्यात येतात. चवीत या सगळ्यांमध्ये उन्नीस-बीसचा फरक आहे. इथली माणसं त्यावर तावातावाने वाद घालतात, पण नवख्याने घराजवळचं गाठावं.

वर्षानुवर्षं या दुकानांचा भाव "शंभर येन अधिक कर" एवढा ठरलेला होता. मासे, तेल, वीज सगळंच महागलं आणि सुशिरोने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वांत स्वस्त बशी १२० येनवर नेली. बाकीचेही मागोमाग कमी-जास्त वाढले. शिवाय एकाच साखळीत शाखेप्रमाणे दर बदलतात. शिंजुकू, शिबुया अशा ऐन गर्दीच्या ठिकाणी तीच बशी उपनगरापेक्षा महाग पडते. त्यामुळे मुक्काम निशी-कासाइसारख्या भागात असेल (आपल्याकडची बरीच मंडळी तिथेच राहतात) तर सुशीसाठी मुद्दाम शहराच्या मध्यावर जाण्यात काही अर्थ नाही. असाकुसातलं कुराचं भलंमोठं दुकान फोटोंसाठी छान आहे, पण सुट्टीच्या दिवशी तिथे पर्यटकांचीच रांग असते.

कानाझावा आणि होक्काइदोतही काइतेन-झुशी प्रसिद्ध आहे, पण तो मामला वेगळा. तिथे स्थानिक ताजा मासा मिळतो आणि बशीला ३००, ५०० येन सहज लागतात. तिकडे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जा.

जागा मिळवणं

शनिवार-रविवारी दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ टाळता आली तर टाळा. तासभर ताटकळणं अगदी नेहमीचं आहे. कामाच्या दिवशी दुपारी तीनला गेलात तर सरळ आत.

प्रत्येक साखळीचं ॲप असतं आणि त्यावरून वेळ धरून ठेवता येते. ॲप नसेल तर दारातल्या मशीनवर आधी भाषा बदला, मग माणसं किती, मुलं किती हे भरा. पुढचा प्रश्न टेबल की काउंटर. टेबल म्हणजे चार-सहा जणांचा सोफा असलेला कप्पा. एकटे असाल तर काउंटर निवडा, लवकर नंबर लागतो. मशीनमधून नंबराची चिठ्ठी येते. नंबर पुकारतात तो बहुधा जपानीत, म्हणून कानापेक्षा वरच्या स्क्रीनवर भिस्त ठेवा. नंबर येऊन गेला आणि तुम्ही बाहेर फोनवर बोलत होतात तर जागा पुढच्याला जाते. हल्ली बऱ्याच शाखांत आत नेऊन बसवायलाही कुणी येत नाही. स्क्रीनवर किंवा चिठ्ठीवर टेबलाचा क्रमांक येतो, तो बघून आपलं आपण जाऊन बसायचं.

टेबलावर काय काय असतं

बसल्यावर लगेच ऑर्डर द्यायची घाई नको. आधी आजूबाजूला काय आहे ते बघून घ्या, कारण वाढायला कुणीही येणार नाही.

भिंतीच्या बाजूला, पट्ट्याच्या जरा वर किंवा खाली, कप रचून ठेवलेले असतात. शेजारच्या छोट्या डब्यात हिरवी भुकटी असते. तो चहा. आणि टेबलाच्या कडेलाच एक आखूड काळा नळ दिसेल, त्याखाली दाबायची पट्टी किंवा बटण. नव्या माणसाला तो हात धुवायचा नळ वाटतो. त्यातून येतं ते चहाचं पाणी, जवळजवळ उकळतं. बोट खाली धरू नका आणि लहान मूल सोबत असेल तर त्याला नळाच्या बाजूला बसवू नका. कपात अर्धा छोटा चमचा भुकटी टाकायची, कप नळाखाली नीट टेकवायचा आणि कपानेच बटण आत ढकलायचं. कप मागे घेतला की पाणी थांबतं. भुकटी जास्त झाली तर चहा कडू होतो. चहाचे पैसे लागत नाहीत, कितीही प्या. थंड पाणी बहुतेक ठिकाणी कोपऱ्यातल्या मशीनवरून आपलं आपण आणायचं.

दुसऱ्या डब्यात फिकट पिवळे किंवा गुलाबीसर पातळ काप असतात. ते आल्याचं गोडसर-आंबट लोणचं, गारी. हेही फुकट. दोन वेगळ्या माशांच्या मध्ये एखादा काप खाल्ला की तोंड स्वच्छ होतं. सोबत चिमटा असतो, डब्यात स्वतःच्या चॉपस्टिक घालू नका.

सोया सॉसच्या बाटल्या एकाहून जास्त असतात. हामा झुशीत तर चार-पाच तऱ्हेचे सॉस मांडलेले दिसतील. पहिल्यांदा साधाच घ्या. गोडसर दाट सॉस वामीवर घालायचा असतो.

वसाबी छोट्या पुड्यांतून मिळतं, टेबलावर किंवा पट्ट्यावरून फिरत. स्वस्त साखळ्यांत सुशीच्या आत वसाबी घातलेलंच नसतं, त्यामुळे मुलांना बशी द्यायला धास्ती नाही. हिरवी मिरची चावून खाणाऱ्यांना "यात काय तिखट" असं वाटतं, आणि तिथेच फसतात. वसाबी जिभेला लागत नाही, मोहरी फेसल्यावर जशी नाकात चढते तशी चढते. दोन्ही एकाच कुळातल्या वनस्पती, आणि झणकाही त्याच द्रव्याचा. बाजरीच्या दाण्याएवढ्यापासून सुरुवात करा.

ऑर्डर आणि पट्टा

टेबलावरच्या स्क्रीनवर इंग्रजी, चिनी, कोरियन भाषा असतात. इंग्रजी निवडलं की फोटोसकट यादी येते. काही ठिकाणी टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करून आपल्याच फोनवरून ऑर्डर देता येते. चौघांत एक स्क्रीन ओढाओढी करण्यापेक्षा ते बरं. एका वेळी किती बश्या मागवायच्या याला बहुधा मर्यादा असते, चार वगैरे. ही मर्यादा तुमच्या भल्याची समजा. पहिल्या झटक्यात बारा बश्या मागवणारा सहाव्या बशीला हात टेकतो.

एका बशीत साधारण दोन नग येतात. महागड्या माशाचा एकच नग. यादीत नगांची संख्या लिहिलेली असते, ती बघा. बशीचा रंग म्हणजे किमतीचा टप्पा, आणि रंगांचा तक्ता टेबलावर किंवा स्क्रीनवर सापडतो.

आता पट्ट्याबद्दल. नाव फिरत्या सुशीचं असलं तरी आज बऱ्याच दुकानांत पट्ट्यावर सुशी फिरतच नाही. २०२३ च्या जानेवारीत गिफूतल्या एका दुकानात एका पोराने सोया सॉसची बाटली चाटतानाचा व्हिडिओ पसरला आणि देशभर गदारोळ झाला. त्यानंतर सुशिरोसह अनेकांनी बश्या मोकळ्या फिरवणं जवळपास बंद केलं. आता ऑर्डर द्यायची आणि बशी थेट तुमच्या टेबलासमोर येऊन थांबायची, अशी पद्धत. बशी पोचायच्या जरा आधी स्क्रीन किणकिणते आणि तुमच्या पदार्थाचं चित्र दाखवते. चित्र जुळलं तरच उचला. शेजारच्याची बशी तुमच्या समोरून पुढे जात असते, तिला हात लावायचा नाही. उओबेइमध्ये बश्या गाडीसारख्या ट्रेवर येतात. सगळ्या उचलून झाल्या की चमकणारं बटण दाबायचं, म्हणजे गाडी स्वयंपाकघरात परत जाते. ते विसरलात तर पुढची ऑर्डर अडून राहते.

खरोखर फिरणारी सुशी बघायची हौस असेल तर कुरात जा. तिथे प्रत्येक बशीवर पारदर्शक झाकण असतं. झाकणाला बोट लावायचं नाही. बशीची पुढची कड धरून ती किंचित वर उचलायची, की झाकण आपोआप वर उघडतं. मग बशी पुढे ओढून घ्यायची. पट्टा फिरत असतो, म्हणून बशी समोर येण्याआधीच हात तयार ठेवा. पहिल्या वेळी बशी निसटून पुढे गेली तरी हरकत नाही, मागून दुसरी येतेच. पण एकदा उचललेली बशी, मग ती नको असली तरी, पट्ट्यावर परत ठेवायची नाही. कुराने पट्ट्यावर कॅमेरे बसवले आहेत आणि झाकण उघडून पुन्हा बंद केलं तर दुकानाला कळतं. रिकामी बशीही पट्ट्यावर ठेवायची नसते. आणि फोन पट्ट्यावर ठेवून सगळ्या टेबलांचं चित्रण करायची टूम मनात असेल तर विसरा. लोक जेवत असतात, दुकानवाल्यांनाही ते मुळीच चालत नाही.

मासे खाणाऱ्यांनी काय मागवावं

कोकणात, गोव्यात वाढलेल्या माणसाला मासा नवा नसतो, कच्चा मासा नवा असतो. तेव्हा सुरुवात शिजलेल्यापासून करा. एबी म्हणजे उकडलेली कोळंबी, भाताच्या लहानशा मुटक्यावर पसरलेली. अनागो ही समुद्रातली वाम, मऊ शिजवून वर गोड सॉस. तामागो म्हणजे अंड्याचं गोडसर ऑम्लेट. अबुरी लिहिलेलं काहीही वरून आचेने भाजलेलं असतं, आत कच्चं. शिजलेल्यातून कच्च्याकडे जायचा हा मधला टप्पा, आणि अबुरी सॅल्मन खाऊन नाक मुरडलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

मग साधा सॅल्मन. वास जवळजवळ नाही, चव लोण्याच्या अंगाने जाणारी. गंमत म्हणजे जपानी माणूस पूर्वी सॅल्मन कच्चा खात नसे. पॅसिफिकमधल्या सॅल्मनमध्ये परजीवी जंतू असतात, म्हणून तो भाजूनच खायचा. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपल्या मत्स्यशेतीतला सॅल्मन विकण्यासाठी जपानमध्ये मोहीम उघडली, आणि आज फिरत्या पट्ट्यावर पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तोच मागतात. सॅल्मन जमला की मागुरो घ्या. हा आपल्या कुप्याचा भाऊबंद. लाल भाग स्वस्त आणि हलका, तोरो म्हणजे पोटाकडचा चरबीचा भाग, महाग. मग हामाची (यलोटेल), ताइ (सी ब्रीम).

शिमे-साबाबद्दल जरा वेगळं लिहायला हवं. साबा हा बांगड्याच्या जातीचा मासा. मीठ चोळून, व्हिनेगरात मुरवून तो सुशीवर ठेवतात. तळलेला किंवा तिखल्यातला बांगडा खाऊन मोठे झालेल्यांना हा एकतर भलताच आवडतो, किंवा पहिल्याच घासाला "हे काय केलंय बांगड्याचं" असं होतं. माझं मत पहिल्या पक्षाचं, पण चाखल्याशिवाय कुणाचं ऐकू नका. तारलीच्या जातीचा इवाशीही मिळतो, त्याला मात्र माशाचा वास चांगलाच असतो.

माकूल, म्हणजे इका, चवीला सौम्य पण चिवट. ज्यांना चघळायचा कंटाळा येतो त्यांनी सोडून द्यावा. इकुरा (सॅल्मनची नारिंगी गाबोळी) आणि उनि (समुद्री अर्चिन) या स्वस्त दुकानांत मुद्दाम मागवण्यासारख्या वस्तू नव्हेत. उनिची गोडी ताजेपणावर असते आणि स्वस्त उनि खाऊन लोक आयुष्यभरासाठी उनिला नावं ठेवतात.

कच्च्या माशाने पोट बिघडेल ही भीती साहजिक आहे. माशांत आढळणारा अनिसाकिस नावाचा कृमी उणे २० अंशांवर २४ तास गोठवला की मरतो, आणि या साखळ्यांतला बहुतेक मासा गोठवूनच आलेला असतो. तरीही गरोदर बायकांनी कच्च्याच्या नादी लागू नये. पाऱ्यामुळे मोठा मागुरो बेताने खावा असं इथलं आरोग्य मंत्रालयही त्यांना सांगतं.

खायची पद्धत फार अवघड नाही. हाताने खाल्लं तरी चालतं, त्यात कमीपणा नाही. सुशी आडवी करून माशाची बाजू सोया सॉसला टेकवायची. भात बुडवला तर तो सॉस पिऊन सुटतो आणि अर्धा घास बशीत पडतो. एका घासात तोंडात. भात जास्त होतोय असं वाटलं तर बऱ्याच ठिकाणी कमी भाताचा पर्याय स्क्रीनवर असतो. पोट लवकर भरू नये म्हणून मी तोच निवडते.

शाकाहाऱ्यांची गोष्ट

इथे मात्र सावकाश वाचा, कारण खरी अडचण इथेच आहे.

वरवर बघता शाकाहारी माणसाला बरंच काही दिसतं. काप्पा-माकी, म्हणजे काकडीचा रोल. शिंको-माकी, मुरवलेल्या मुळ्याचा. कानप्यो-माकी, भोपळ्याच्या जातीच्या फळाच्या सुकवलेल्या पट्ट्या शिजवून केलेला. नात्तो-माकी, आंबवलेल्या सोयाबीनचा. तार सुटतात आणि वास उग्र, पहिल्या दिवशी नको. इनारी, म्हणजे गोड रसात शिजवलेल्या तळीव तोफूच्या पिशवीत भरलेला भात. कॉर्न-मेयो, फ्रेंच फ्राइज, मीठ लावलेले एदामामे (हिरव्या सोयाबीनच्या शेंगा), आइस्क्रीम.

यातल्या अर्ध्या गोष्टींत मासा लपलेला असतो. जपानी स्वयंपाकात दाशी नावाचा रस सगळीकडे घालतात, आणि तो बहुधा सुकवलेल्या कात्सुओ माशाचा असतो. इनारीचा गोड रस, कानप्योच्या पट्ट्या, अंड्याचं तामागो, मिसो सूप, उदोन नावाच्या जाड शेवयांचं पाणी या सगळ्यांत तो असू शकतो. चावानमुशी हा वाफवलेला अंड्याचा पदार्थ दाशीशिवाय होतच नाही, आणि तळाशी कोळंबी सापडते ती वेगळीच. टेबलावरच्या सोया सॉसच्या बाटल्यांपैकीही एखादी दाशी घातलेली असते.

यावर लोक सांगतात की साखळीच्या संकेतस्थळावरचा ॲलर्जीचा तक्ता बघा. बघा जरूर, पण त्यावर विसंबू नका. त्या तक्त्यात अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, साबा, सॅल्मन, माकूल असे सरकारने ठरवलेले पदार्थ असतात. कात्सुओ त्या यादीतच नाही. म्हणजे ज्या पदार्थापुढे सगळे रकाने कोरे आहेत, त्यातही माशाचा रस असू शकतो. तक्ता अंडं आणि दूध ओळखायला उपयोगी, मासा ओळखायला अपुरा.

तेव्हा कडक शाकाहारी माणसासाठी त्यातल्या त्यात निर्धास्त म्हणजे काप्पा-माकी, एदामामे, आणि सोबत नेलेली साध्या सोया सॉसची पुडी. फ्राइज ज्या तेलात तळतात त्याच तेलात कोळंबीचा तेंपुराही तळला जातो, हे चालणार असेल तर फ्राइज. अंडं खाणाऱ्यांना कॉर्न-मेयोही मोकळं होतं. दाशी चालते, मासा दिसायला नको, असं म्हणणाऱ्यांचं मात्र पोट व्यवस्थित भरतं. आपल्याकडून आलेल्या आईवडिलांना नेणार असाल तर त्यांची रेघ नेमकी कुठे आहे ते घरीच विचारून घ्या. श्रावण असेल तर नेऊच नका. दोन काकडीचे रोल खायला तासभर रांगेत उभं करून त्यांचे टोमणे कोण ऐकणार.

गोमांस टाळणाऱ्यांनीही यादीतली चित्रं नीट बघावीत. सुशीवर मासाच असतो असं नाही. ग्यू किंवा कारुबी लिहिलेलं गोमांस, आणि हंबागु म्हणजे खिम्याची वडी, बहुधा गाय-डुकराच्या मांसाची मिळून केलेली. मुलं फोटो बघून हेच मागतात.

मुलं सोबत असतील तर

कुरात जा. टेबलाच्या कडेला एक फट असते, तीत रिकाम्या बश्या सरकवायच्या. आत पाणी वाहत असतं, बशी खळकन खाली जाते आणि मोजणीही तिथेच होते. पाच बश्या गेल्या की स्क्रीनवर छोटा खेळ सुरू होतो. जिंकलं तर डोक्यावरच्या मशीनमधून खेळणं भरलेली गोल डबी टपकन खाली पडते. याचं नाव बिक्कुरा-पोन. नऊ बश्या झालेल्या असतात आणि पोरं दहाव्यासाठी बापाच्या तोंडाकडे बघत असतात. दुकानवाल्यांचा हिशेब त्यांना बरोबर कळलेला आहे. मुलांना आधीच सांगून ठेवा की दर वेळी जिंकत नाही.

बिल

झालं की स्क्रीनवर बिलाचं बटण दाबा. सुशिरोसारख्या दुकानांत रंगाप्रमाणे बश्यांची चळत लावून ठेवा. कुठे कर्मचारी येऊन मोजयंत्र फिरवतो, कुठे मोजणी आपोआप होते. मग टेबलाच्या क्रमांकाची पट्टी किंवा चिठ्ठी घेऊन दाराजवळच्या गल्ल्यावर. तिथेही बहुधा मशीनच असतं. रोख, कार्ड, पेपे (फोनवरून पैसे द्यायचं ॲप), बऱ्याच ठिकाणी सुइका (रेल्वेचं कार्ड) चालतं. मेन्यूतले भाव करासकट दाखवावे लागतात, त्यामुळे शेवटी धक्का बसत नाही. बसून खाण्यावर कर १० टक्के, घरी न्यायचं असेल तर ८. टिप ठेवू नका, पैसे विसरलात म्हणून मागे धावत येतील. उरलेली सुशी बांधून मिळत नाही, कच्चा मासा आहे. न्यायचीच असेल तर पार्सल म्हणून वेगळी मागवा. निघताना कुणी दिसलं तर "गोचिसोसामा देश्ता" (जेवणाबद्दल आभार) म्हणा, इतकं जपानी पुरतं. मध्येच काही हवं असेल तर स्क्रीनवर माणूस बोलवायचं बटण असतं, आणि समोरून कुणी जात असेल तर "सुमिमासेन", म्हणजे "माफ करा, जरा इकडे".

शेवटी, काय मागवायचं तेच सुचत नसेल तर दोघांसाठी ही ऑर्डर घ्या. पहिल्या फेऱ्यात एबी, तामागो, अबुरी सॅल्मन आणि काप्पा-माकी. दुसऱ्यात साधा सॅल्मन, मागुरो आणि हिंमत असेल तर शिमे-साबा. इथे थांबून चहा प्या, गारी खा आणि काय आवडलं ते एकमेकांना विचारा. तिसऱ्यात आवडलेल्यांपैकी दोन-तीन बश्या परत, सोबत एक चावानमुशी दोघांत. मग गोड. बिल साधारण अडीच हजार येनच्या आसपास येईल. आणि दुसऱ्याच फेऱ्यात तोंड वाकडं झालं, तर तिसऱ्यात सरळ गरम उदोन मागवा. शेजारच्या टेबलावरचा जपानी माणूसही बऱ्याचदा तेच खात असतो.